अमेरिकी विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थ्यांचे गट : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर आणि पीएचडीचे विद्यार्थी स्वतःचे गट चालवतात, विविधता आणि आपलेपणा वाढवणे हे त्यांचे घोषित उद्दिष्ट असते, आणि या गटांविषयी तिथे जाणाऱ्यांच्या मनात जितके कुतूहल आहे तितकीच घरच्यांच्या मनात धास्ती आहे. 2023-24 या शैक्षणिक वर्षात अमेरिकी विद्यापीठांत नोंद असलेले भारतीय विद्यार्थी 3,31,602 होते आणि त्यांपैकी 1,96,567 जण पदव्युत्तर स्तरावरचे होते, त्यामुळे अशी पत्रे येणे स्वाभाविकच आहे. निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सदराच्या रिवाजानुसार पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : येत्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठी जात आहे. स्वागताच्या ईमेलमध्ये विद्यार्थी-संघटनांची लांबलचक यादी आली आहे. कृष्णवर्णीय संशोधकांची संघटना, विज्ञानातील स्त्रियांची, कुटुंबात पहिल्यांदाच उच्च शिक्षण घेणाऱ्यांची, भारतीयांची, अशी ती यादी संपतच नाही. या संघटना सणसमारंभांपलीकडे काही करतात का? प्रयोगशाळेतला वेळ काढून तिथे जाण्यात अर्थ आहे का? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : काही संघटना सणसमारंभांपलीकडे फारसे काही करत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. परंतु ज्या गटांना तिथले विद्यार्थी खरोखर जपतात, त्यांचे मुख्य काम माहिती पुढच्या हाती देण्याचे असते. पीएचडीचा अभ्यासक्रम कागदावर स्वच्छ दिसतो : पहिल्या वर्षी कोर्सवर्क, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. प्रत्यक्षात यश ज्या गोष्टींवर ठरते त्यांतल्या बऱ्याच कुठेही लिहिलेल्या नसतात. कोणत्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी पाच वर्षांत बाहेर पडतात आणि कुणाकडे सात वर्षे लागतात, कुणाच्या प्रकल्पाचे अनुदान पुढच्या वर्षी संपणार आहे, पात्रता परीक्षेच्या तोंडी भागात कोणते परीक्षक मुळापासून प्रश्न विचारतात, मार्गदर्शकाशी पटेनासे झाले तर मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज आधी कुणाच्या कानावर घालायचा, हे सारे ज्याच्या घरात किंवा ओळखीत कुणी प्राध्यापक आहे त्याला जेवणाच्या टेबलावर कळते. इतरांना ते ठेच लागल्यावर कळते. चांगला गट ही ठेच वाचवतो. जुन्या प्रश्नपत्रिका सांभाळून ठेवणे, तोंडी परीक्षेची रंगीत तालीम घेणे, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून प्रबंधाची पाने लिहिणे, नव्या विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षे पुढे असलेला एक सोबती नेमून देणे, अशी ही कामे असतात. त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

हे गट का निर्माण झाले हे समजून घ्यायचे तर एडवर्ड बूशे यांचे उदाहरण पुरेसे आहे. 1876 मध्ये येल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारक होत. पण पदवी हाती असूनही संशोधनाची दारे त्यांना उघडली नाहीत आणि त्यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत 26 वर्षे शिकवले. प्रवेश मिळणे आणि त्या जगात सामावून घेतले जाणे यांत किती अंतर असू शकते, ते त्यांच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या नावाची पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सन्मान-संस्था येल आणि हॉवर्ड विद्यापीठांनी मिळून 2005 मध्ये स्थापन केली. मधल्या काळात विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी आपले मार्ग आपणच काढले होते. लॅटिनो आणि मूलनिवासी वैज्ञानिकांची सॅकनास ही संस्था 1973 मध्ये सुरू झाली, आणि कृष्णवर्णीय अभियंत्यांची राष्ट्रीय संघटना 1975 मध्ये परड्यू विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच उभी केली. आज विभागाविभागांत दिसणारे छोटे गट याच परंपरेतले आहेत.

आपल्यासाठी माझा सल्ला असा की पहिल्या सत्रात दोनच गट निवडावेत : एक आपल्या रसायनशास्त्र विभागातला, आणि दुसरा ज्यात भारतीय बहुसंख्य नाहीत असा. भारतीयांच्या संघटनेत आपण आपोआप जालच. विमानतळावरून आणण्यापासून पहिल्या महिन्याच्या गादीपर्यंतची सोय तिथेच होते, आणि ती सोय लहान समजू नये. पण प्रयोगशाळेत कोण कसे वागते हे सांगणारी माणसे बहुधा विभागातल्या गटात भेटतात. एक व्यावहारिक सूचनाही लक्षात ठेवावी. अशा गटांच्या बैठकांत ज्या अधिछात्रवृत्त्यांची माहिती दिली जाते, त्यांतील काही नागरिकत्वाशी बांधलेल्या असतात. उदाहरणार्थ, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची पदव्युत्तर संशोधनासाठीची प्रसिद्ध अधिछात्रवृत्ती फक्त अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना मिळते. त्या अर्जावर आठवडे घालवण्याआधी पात्रतेची अट वाचावी.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असून विज्ञानातील स्त्रियांच्या एका विद्यार्थी-गटाची खजिनदार आहे. तिकडचे सरकार अशा सगळ्या गोष्टींच्या विरोधात गेल्याच्या बातम्या आम्ही वाचतो. गट बेकायदा ठरेल का? तिच्या व्हिसाला धोका आहे का? तिने पद सोडावे असे तिच्या आईला वाटते. (एक वडील, कोल्हापूर)

उत्तर : बातम्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात, त्या आधी सुट्या करू. विद्यापीठ प्रशासनाने स्थापन केलेली, पगारी कर्मचारी असलेली विविधता-कार्यालये ही एक गोष्ट, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवलेले गट ही दुसरी. गेल्या काही वर्षांतील कायद्यांचा मुख्य रोख पहिल्या गोष्टीवर आहे. टेक्सासचा या विषयावरचा कायदा 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला आणि त्याने राज्य विद्यापीठांतील अशी कार्यालये बंद करायला लावली, मात्र विद्यार्थी-संघटनांना त्याच कायद्यात स्पष्ट सूट दिली आहे. तरीही झळ लागते, हे नाकारून चालणार नाही. ऑस्टिन येथील विद्यापीठात अनेक विद्यार्थी-गटांना जागा आणि आधार देणारे बहुसांस्कृतिक केंद्र बंद झाले, तेव्हा गटांचे अस्तित्व कायद्याने शाबूत राहिले, पण बसायची खोली गेली, विद्यापीठाकडून मिळणारे पैसे गेले आणि पदवीदान-सोहळ्यासारखे कार्यक्रम स्वतःच्या हिमतीवर करण्याची वेळ आली. मिशिगन विद्यापीठाने तर राज्याचा असा कायदा नसतानाही मार्च 2025 मध्ये आपले विविधता-कार्यालय बंद केले, कारण केंद्रीय अनुदानावर टांगती तलवार होती. केंद्रीय शिक्षण विभागाने 14 फेब्रुवारी 2025 रोजी विद्यापीठांना पाठवलेल्या ज्या पत्राने ही घबराट वाढवली, ते पत्र मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्दबातल ठरवले.

विद्यार्थी-गटांना तिथे जुने न्यायालयीन संरक्षण आहे. केवळ विचार पसंत नाहीत म्हणून सरकारी महाविद्यालयाला एखाद्या विद्यार्थी-गटाची मान्यता नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये दिला. विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून गटांना पैसे देताना त्यांच्या मतांकडे पाहून भेद करता येणार नाही, हे तत्त्व 2000 सालच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या खटल्यात पुढे आले. खासगी विद्यापीठे मात्र या बंधनात तशीच येत नाहीत, तिथे त्या-त्या संस्थेची नियमावली पाहावी लागते. थोडक्यात, आपल्या मुलीचा गट बेकायदा ठरण्याची भीती बाळगण्याचे कारण दिसत नाही. अट एकच आहे, आणि तिच्याबद्दल पुढच्या एका उत्तरात लिहिले आहे : गट सर्वांना खुला हवा.

आता व्हिसा. विद्यार्थी-गटाचे बिनपगारी पद म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे एफ-1 या विद्यार्थी-व्हिसाच्या अटींचा त्याने भंग होत नाही. काही ठिकाणी पदाधिकाऱ्यांना थोडे मानधन मिळते. तसे असेल तर ते विद्यापीठातील नोकरीत धरले जाऊ शकते आणि सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा तिच्या विद्यापीठातील पगारी साहाय्यकाच्या कामासह मोजली जाऊ शकते, म्हणून मानधन स्वीकारण्यापूर्वी तिने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. ईमेल पुरेसा आहे, पण तोंडी उत्तरावर थांबू नये. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. जून 2025 पासून विद्यार्थी-व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते. सुट्टीत घरी येऊन नवा व्हिसा शिक्का घ्यायचा असेल तर तिच्या खात्यांवरील मजकूर पाहिला जाईल, असे गृहीत धरावे. खजिनदारपद आणि पात्रता परीक्षेची तयारी यांत कुणाला आक्षेपार्ह काही सापडणे कठीण आहे. गटाच्या नावाने राजकीय निवेदनांवर सही करायची की नाही, हा निर्णय निराळा आहे, आणि तो तिनेच माहिती घेऊन करायचा आहे.

पद सोडण्याविषयी माझे मत विचाराल तर, आईची काळजी रास्त असली तरी तिसऱ्या वर्षातली मुलगी कोल्हापुरातून दिलेल्या सल्ल्यावर पद सोडेल असे मला वाटत नाही, आणि तिने सोडू नये. प्रबंधाचा सर्वांत एकाकी काळ तिच्यापुढे आहे. त्या काळात आठवड्याला भेटणारी माणसे असणे ही तिच्या पदवीसाठीच फायद्याची गोष्ट आहे.

प्रश्न : मी बौद्ध समाजातला असून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी जाण्याच्या तयारीत आहे. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांत जात पाळली जाते असे सीनियर सांगतात. ‘आपलेपणा’ वाढवणाऱ्या या गटांचा अशा वेळी काही उपयोग होतो का? माझी ओळख मी सांगावी की लपवावी? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आपल्या प्रश्नात एक जुना संदर्भ दडलेला आहे, तो प्रथम घेतो. जुलै 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस हार्टली हॉलमध्ये काढून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. नाना देशांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र यावे म्हणून निघालेले असे क्लब तेव्हा अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत होते. आजच्या गटांचे ते एक पूर्वरूप म्हणता येईल. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले, आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. 1920 मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा छत्रपती शाहू महाराजांची मदत, स्वतःची शिल्लक आणि याच भथेनांनी दिलेले कर्ज यांवर तो प्रवास झाला. जातिसंस्थेच्या उगमाविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी मे 1916 मध्ये वाचला तो याच विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. ज्या ठिकाणी कुणी जात विचारत नव्हते, तिथे बसून जातीविषयी शास्त्रशुद्ध लिहिता आले, याचे मोल आपल्याला मी सांगायला नको.

आज मात्र तिथे जात विचारणारे आहेत, कारण विचारणारे इथूनच गेलेले आहेत. ती बहुधा थेट विचारली जात नाही. आडनावाची चौकशी होते, खोलीसाठी सोबती शोधताना ‘फक्त शाकाहारी’ अशी अट येते, बारावीनंतर कोणत्या कोट्यातून प्रवेश मिळाला असे हसतहसत विचारले जाते. विद्यापीठातील गोऱ्या अधिकाऱ्याला यात काही गैर घडले हे दिसतसुद्धा नाही, आणि नेमकी इथेच विद्यार्थ्यांच्या संघटनांनी गेल्या काही वर्षांत बाजू उचलून धरली आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर 2019 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. हार्वर्डमध्ये संशोधन आणि अध्यापनाचे साहाय्य करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची कामगार संघटना आहे, आणि तिने 2021 मध्ये विद्यापीठाशी केलेल्या करारात जात ही संरक्षित बाब म्हणून नोंदवून घेतली. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात आधी विद्यार्थी-संघटनेने ठराव केला आणि जानेवारी 2022 मध्ये त्याच्या तेव्हाच्या 23 परिसरांना लागू असणाऱ्या धोरणात ‘जात’ हा शब्द आला. ब्राउन विद्यापीठ त्याच वर्षाच्या अखेरीस या यादीत आले. याला विरोधही झाला. जातीचा वेगळा उल्लेख केल्याने सर्व हिंदू किंवा सर्व भारतीय संशयाच्या छायेत येतात, असे काही हिंदू संघटनांचे म्हणणे होते. कॅलिफोर्निया राज्याचे स्वतंत्र विधेयक गव्हर्नरांनी ऑक्टोबर 2023 मध्ये नामंजूर केले, आणि सध्याच्या कायद्यांत हे संरक्षण आधीच आहे असे कारण दिले. विरोधकांचा युक्तिवाद मला पटत नाही. वंशभेदविरोधी कलमामुळे सगळे गोरे गुन्हेगार ठरत नाहीत, तसेच हे आहे.

उपयोगाविषयी विचारले आहे, तर आपल्या विद्यापीठाच्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख आहे का, ते निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून ठेवावे. असेल तर तक्रारीची वाट सरळ असते. नसेल, तरी वंश, वंशपरंपरा किंवा धर्म या सदरांखाली तक्रार ऐकली जाऊ शकते, आणि ती कशी मांडायची हे सांगायला पदव्युत्तर विद्यार्थ्यांची कामगार संघटना असलेल्या ठिकाणी तिचा विभागीय प्रतिनिधी सर्वांत उपयोगी ठरतो. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत तक्रार न नोंदवता खासगीत सल्ला देणारा तटस्थ अधिकारीही असतो. भारतीय विद्यार्थी संघटनेकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नयेत. दिवाळी आणि गणेशोत्सव उत्तम होतात, पण 14 एप्रिलचा कार्यक्रम सुचवून पाहावा, म्हणजे त्या संघटनेचा आपलेपणा कुठवर पोहोचतो ते कळेल. कार्यक्रम झाला तर फारच छान. विद्यापीठाबाहेर आंबेडकर असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिकेसारख्या संघटना आहेत. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला तर विभागाकडून कोणते पत्र मागायचे, याचा अनुभव असलेली माणसे बहुधा अशाच वर्तुळांत सापडतात.

ओळख सांगण्याची कुणावरही सक्ती नाही, आणि न सांगणे म्हणजे लपवणे असे मी मानत नाही. पहिले वर्ष माणसे पारखण्यात जाऊ द्यावे. कुणी मुद्दाम खोदून विचारलेच, तर त्याने हे का विचारले असा उलट प्रश्न शांतपणे करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रश्न : मी पुरुष आहे आणि सवर्णही. अशा गटांत माझ्यासारख्याने जाणे योग्य दिसेल का? की ते गट आमच्यासाठी नसतातच? (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : नियमाने ते आपल्यासाठीही असतात. विद्यापीठाची मान्यता आणि पैसे घेणाऱ्या गटाला सदस्यत्व सर्वांना खुले ठेवावे लागते. अशी अट घालण्याचा विद्यापीठाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये, कायद्याच्या महाविद्यालयातील एका ख्रिस्ती विद्यार्थी-गटाच्या खटल्यात मान्य केला, आणि 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंशाच्या आधारे दार बंद करणे संस्थेला तसेही महागात पडते. जावे, पहिले काही महिने ऐकावे, खुर्च्या मांडायला मदत करावी, आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीला लगेच उभे राहू नये.

प्रश्न : मी पुण्यात विद्यापीठात पीएचडी करते. आमच्याकडे असा गट का नसावा? सुरू करायचा तर कुठून सुरुवात करावी? (एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आपल्याकडे गट नाहीत असे नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या रखडल्या की संशोधक विद्यार्थी एकत्र येतात, उपोषणाला बसतात, मागणी मान्य झाली की पांगतात. आंदोलनासाठी जमलेली ही माणसे एरवीच्या कामासाठी टिकत नाहीत, ही खरी अडचण आहे. मराठवाड्याच्या किंवा खानदेशच्या खेड्यातून आलेल्या मुलीला पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर गाइड कसा मिळवायचा, संशोधनाच्या विषयाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे (आरआरसी) विषय कसा मांडायचा, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा इंग्रजीत लिहायचा तर कुणाकडून तपासून घ्यायचा, हे सांगणारे कायमस्वरूपी असे कुणी नसते.

सुरुवात याच कामाने करावी. नाव, बोधचिन्ह आणि उद्घाटन यांची घाई करू नये. आरआरसीच्या तारखेच्या तीन आठवडे आधी वरच्या वर्षातील चार-पाच जणांसमोर नव्यांनी आपला विषय मांडायचा आणि त्यांनी खऱ्या समितीसारखे प्रश्न विचारायचे, एवढा एक उपक्रम दर सत्राला नेमाने झाला तरी गट उभा राहतो. त्यात वेगवेगळ्या विभागांचे, वेगवेगळ्या समाजांचे आणि वसतिगृहाबाहेर राहणारेही विद्यार्थी येतील याची काळजी मात्र पहिल्या बैठकीपासून घ्यावी लागते. मित्रमैत्रिणींचे टोळके एकदा जमले की ते नंतर खुले होत नाही.

मान्यतेचा प्रश्न पुढे येईलच. 2012 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आपल्या विद्यापीठातील कक्ष कुठे बसतो आणि अधिकारी कोण आहे हे आधी शोधावे, आणि गटाची माहिती त्यांना लेखी द्यावी. त्यांच्याकडून फार काही घडले नाही तरी आपली नोंद त्यांच्या फायलीत असावी. मद्रास आयआयटीतील आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता मे 2015 मध्ये एका निनावी तक्रारीनंतर काढून घेण्यात आली होती आणि देशभर गदारोळ झाल्यावर जूनमध्ये ती परत देण्यात आली. त्या वादात संस्थेचे म्हणणे होते की मंडळाने आयआयटीचे नाव वापरण्याचे नियम मोडले. म्हणून विद्यापीठाचे नाव आणि बोधचिन्ह पत्रकावर छापता येते का, सभागृहाच्या परवानगीचा अर्ज किती दिवस आधी द्यावा लागतो, वर्गणीचा हिशेब कुणी ठेवायचा, हे कंटाळवाणे प्रश्न पहिल्याच महिन्यात निकाली काढावेत. हिशेबाची वही दोघांकडे असावी, आणि त्यांतला एक जण पीएचडीच्या पहिल्या वर्षाचा असावा, म्हणजे आपण प्रबंध सादर करून बाहेर पडाल तेव्हा वही विद्यापीठातच राहील.